खोलीत रेंज येते का?

सहल ठरली की पहिला फोन मुक्कामाच्या ठिकाणी जातो. खोली किती जणांची, जेवण शाकाहारी की मांसाहारी, गरम पाणी किती वाजेपर्यंत. एवढं झालं की हल्ली पुढचा प्रश्न येतोच, "वायफाय आहे का?" पलीकडून "आहे, आहे" असं उत्तर येतं आणि बुकिंग होऊन जातं. पण कुणाची ऑफिसची मीटिंग असते, कुणाच्या मुलीचा ऑनलाइन क्लास, तर कुणाला घरी राहिलेल्या आईला रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा असतो. अशा वेळी हे "आहे, आहे" पुरत नाही. म्हणून इंटरनेट असलेल्या आणि नसलेल्या मुक्कामांच्या या चटकदार गोष्टी. वाचा आणि पुढच्या बुकिंगला उपयोगात आणा.

आधी वीज, मग फोन, मग टीव्ही

१६ डिसेंबर १९०३ ला मुंबईत ताजमहाल हॉटेल सुरू झालं, तेव्हा तिथले विजेचे दिवे हेच मोठं आकर्षण होतं. न्यूयॉर्कच्या हॉटेल नेदरलँडने त्याआधी, १८९४ मध्ये, खोल्यांमध्ये टेलिफोन बसवले होते. त्याच शहरातल्या रूझवेल्ट हॉटेलने १९४७ मध्ये खोल्यांत टीव्ही आणला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. प्रत्येक पिढीने हॉटेलकडे आपल्या काळाची सोय मागितली. काल जी चैन होती ती आज गरज ठरली. आपण इंटरनेटबद्दल नेमकं विचारतो, त्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही.

पाहुण्यांचा हॉटस्पॉट अडवला, ६ लाख डॉलर भरले

अमेरिकेत नॅशव्हिलला मॅरियट चालवत असलेलं एक प्रचंड हॉटेल आणि अधिवेशन केंद्र आहे. तिथे लोकांनी स्वतःच्या मोबाईलवरून सुरू केलेले हॉटस्पॉट यंत्रणेद्वारे बंद पाडले जात होते. दुसरीकडे, प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांकडून हॉटेलच्या वायफायसाठी एका उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर घेतले जात होते. तक्रार झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने प्रकरण मिटवताना कंपनीकडून ६ लाख डॉलर वसूल केले. पाहुण्याने स्वतः विकत घेतलेलं इंटरनेट अडवण्याचा हक्क हॉटेलला नाही, हे पुढच्याच वर्षी आयोगाने सगळ्यांसाठी स्पष्ट केलं.

ओटीपीचा धागा नवी मुंबईपर्यंत

हॉटेलचं वायफाय जोडताना मोबाईल नंबर आणि ओटीपी का मागतात? जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच सुमारास वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपासात तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचं निघालं. तिथे राहणाऱ्या भाडेकरूला पत्ताच नव्हता, कारण वायफायला कुलूप नव्हतं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम आणले. ओटीपीचा तो क्षणभराचा खोळंबा तिथून आलेला आहे.

एक युक्तीही लक्षात ठेवा. कधी वायफाय जोडलं जातं, पण लॉगिनचं पान उघडतच नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' ही साइट उघडा. ती याच कामासाठी केलेली आहे. बहुतेक वेळा अडलेलं पान लगेच समोर येतं.

जांभ्याची भिंत, आरसा आणि मायक्रोवेव्ह

कोकणातलं जांभ्याचं घर उन्हाळ्यात गार राहतं, पण त्याच्या जाड भिंती वायफायची ताकद शोषून घेतात. पावसाळ्यात भिंत ओलसर झाली की आणखीच. पाणी या लहरींचा शत्रू आहे. मोठा आरसा, लोखंडी कपाट आणि पत्र्याचं छप्पर लहरी परतवून लावतात. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत जेवणाच्या वेळी कॉल अडखळू शकतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो.

म्हणूनच "वायफाय आहे" याचा अर्थ पुष्कळदा "राऊटर काउंटरपाशी आहे" एवढाच असतो. काम करायचं असेल तर राऊटरच्या जवळची खोली मागून घ्या. समुद्र दिसणारी खोली दुसऱ्या दिवशी बदलून घेता येईल.

४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी

इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात, फाईलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ एमबीची फाईल उतरते. प्रत्यक्षात किती लागतं? झूमवर दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला १ ते १.५ एमबीपीएस पुरतात. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. याचा अर्थ, एका कुटुंबाला अफाट वेग लागत नाही, सलग टिकणारा वेग लागतो. रात्री नऊ वाजता सगळे पाहुणे एकदम ऑनलाइन येतात, तेव्हा काय होतं ते महत्त्वाचं. मालकांना त्या वेळी स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. ज्यांना व्हिडिओ कॉल करायचे आहेत त्यांनी त्यात अपलोडचा आकडाही पाहावा.

वायफायचं माहेर आकाशात

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतले जॉन ओ'सलिव्हन कृष्णविवरांच्या स्फोटांचे रेडिओ संकेत शोधत होते. अंतराळातून येताना विस्कटलेले संकेत नीट करण्याचं गणित त्यांच्या हाताशी होतं. खोलीत भिंतींवर आदळून विस्कटणाऱ्या लहरी सावरायला पुढे त्याच अनुभवाचा उपयोग झाला. त्यावर घेतलेल्या पेटंटने संस्थेला कोट्यवधी डॉलर मिळवून दिले.

गंमत अशी की रेडिओ दुर्बिणींना आज मोठा त्रास होतो तो मोबाईल आणि वायफायसारख्या लहरींचाच. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! तिथे गेलात तर मोबाईल आनंदाने बंद ठेवा. अमेरिकेत तर ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती १९५८ पासून सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा 'रेडिओ शांतता' पट्टा राखलेला आहे. ग्रीन बँक गावात मुक्कामाला जाणारा माणूस मोबाईलची रेंज मिळणार नाही हे गृहीत धरूनच जातो.

बेटावर इंटरनेट समुद्राच्या तळातून येतं

सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायला असंख्य मराठी कुटुंबं अंदमानला जातात. पूर्वी तिथलं इंटरनेट उपग्रहावर अवलंबून होतं, आणि तसा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. संदेश वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही त्याच वाटेने येणार, यात अर्धा सेकंद सहज जातो. बोलणं एकमेकांवर आदळतं ते त्यामुळेच. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते अंदमान ही सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्री केबल सुरू झाली आणि पोर्ट ब्लेअरपासून स्वराज द्वीपपर्यंत चित्र पालटलं. जानेवारी २०२४ मध्ये कोची ते लक्षद्वीप केबलचं उद्घाटन झालं आणि ११ बेटं जोडली गेली. आपल्याकडे मुंबईतही परदेशातून येणाऱ्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच जमिनीवर येतात.

लडाखला निघालात? सिमकार्ड तपासा

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. विमानतळावर उतरल्यावर हे कळून हिरमुसलेले प्रवासी पुष्कळ भेटतात, तेव्हा ग्रुपमध्ये निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या. स्पितीतल्या ममीसाठी प्रसिद्ध असलेल्या गिऊ गावात मोबाईलची रेंज पहिल्यांदा पोचली ती २०२४ मध्ये. एव्हरेस्टच्या वाटेवर मात्र २०१० मध्येच, ५,२०० मीटरच्या आसपास, गोरखशेपजवळ थ्रीजी सुरू झालं होतं. त्या वाटेवरच्या लॉजमध्ये वायफायचे आणि फोन चार्ज करण्याचे पैसे वेगळे घेतात, आणि जसजसं वर जावं तसतसा दर चढतो. बहुतेक वस्तू माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून वर येतात, हे लक्षात घेतलं की तो दर पटतो.

इंटरनेटमुळे गाव वसतं...

बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये घरून काम करणाऱ्यांना वर्षभर राहायला येण्यासाठी खास परवाना सुरू केला. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंटा दो सोल या छोट्या गावाने २०२१ मध्ये अशा मंडळींसाठी सोयी केल्या आणि जगभरातून लोक लॅपटॉप घेऊन आले. आपल्याकडे सिक्कीममध्ये याकतेन गाव २०२५ मध्ये याच वाटेने निघालं. चार दिवस राहणारा पाहुणा चांगल्या इंटरनेटच्या भरवशावर महिनाभर राहतो, आणि गावातला दूधवाला, खानावळ, रिक्षावाला सगळ्यांच्या हाती चार पैसे जास्त पडतात.

...आणि इंटरनेट नाही म्हणूनही!

इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेला बसलेला माणूस जवळपास दहा दिवस मौनात असतो. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा होतो. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात शिबिराचं शुल्क नाही, तरी जागा मिळवण्यासाठी लोक महिनोन्‌महिने आधी नाव नोंदवतात. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथे घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात. जर्मनीत बाडेन-बाडेनच्या 'व्हिला स्टेफनी'त तर एक बटण दाबलं की खोलीतलं वायफाय बंद होतं. दोन्ही प्रकारचे मुक्काम हवेत, फक्त कुठे काय मिळणार हे आधी कळायला हवं.

हॉटेलच्या वायफायवर अपडेट नको

२०१४ मध्ये कॅस्परस्की कंपनीने 'डार्कहॉटेल' हे प्रकरण उघड केलं. आलिशान हॉटेलांच्या वायफायवर टपलेले हॅकर बड्या अधिकाऱ्यांना ओळखीच्या सॉफ्टवेअरचा खोटा अपडेट दाखवत आणि लॅपटॉपमध्ये शिरत. म्हणून सगळे अपडेट घरून निघण्याआधीच करा. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलची संगणक यंत्रणा खंडणीखोरांनी गोठवली आणि खोल्यांची नवी चावी-कार्डं बनेनाशी झाली. खंडणी भरून सुटल्यावर मालकांनी पुढच्या दुरुस्तीत जुन्या पद्धतीच्या किल्ल्या आणायचं ठरवलं.

हॉस्टेलचा खटला

शिकायला परगावी राहणं हाही मुक्कामच. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल वापरायला मनाई होती. विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीला हॉस्टेल सोडावं लागलं. ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश द्यायला सांगितलं आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. एका मुलीच्या धीटपणामुळे देशभरातल्या हॉस्टेलवासीयांच्या हाती एक भक्कम निकाल आला.

रेंज गेली तरी हे चालतं

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, ठिपका तुमच्याबरोबर चालत राहील. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला, पण दुसऱ्या कंपनीचा असला, तरी आपत्कालीन ११२ नंबर लागू शकतो. बँकेच्या नोंदणीतला नंबर असेल तर *९९# वरून इंटरनेटशिवाय यूपीआय करता येतं. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय बाळगू नका. भारतात तो गुन्हा आहे, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनाही हे आवर्जून सांगा.

बुकिंगच्या फोनवर विचारा

• वायफाय खोलीत येतं की फक्त हॉलमध्ये?
• ते फायबरचं आहे की मोबाईलच्या सिमवर चालतं?
• लाईट गेली तर राऊटरला बॅकअप आहे का?
• खोलीत कोणत्या कंपनीची रेंज चांगली येते?
• किती डिव्हाइस जोडता येतात, आणि वेगळे पैसे पडतात का?

यातला तिसरा प्रश्न पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्यांनी चुकवू नये. राऊटरला साधारण दहा वॉटच्या दिव्याइतकीच वीज लागते. त्यामुळे छोट्या यूपीएसवर तो तासन्‌तास चालू शकतो. निवास-न्याहारी चालवणाऱ्या मालकांसाठी हा अगदी थोडक्या खर्चाचा उपाय आहे. त्यांनाही इंटरनेट लागतंच. पैसे यूपीआयने येतात, बुकिंग ॲपवर होतं, परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते.

म्हणून मालकांना मनापासून विनंती. जाहिरातीत नुसतं 'फ्री वायफाय' लिहू नका. 'अंगणात चांगलं, मागच्या खोलीत कमी, लाईट गेल्यावर दोन तास चालू' असं खरंखुरं लिहा. 'इथे रेंज नाही' हेही ठळकपणे लिहा, कारण तेच शोधणारी माणसं तुमच्याकडे नक्की येतील. आणि पाहुण्यांनो, खरं सांगणाऱ्या मालकाच्या रिव्ह्यूमध्ये ते आवर्जून नोंदवा. पुढच्या कुटुंबाची सहल त्यावर ठरणार आहे.