पारा पाच, अंगाला उणे एक

उत्तर इंग्लंडमधील कम्ब्रियात, ईडन नदीच्या खोऱ्यात मिलबर्न, डफ्टन, गॅम्बल्सबी अशी छोटी गावे आहेत. त्यांच्या पूर्वेला पेनाइन डोंगररांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर क्रॉस फेल ८९३ मीटर उंच आहे. या गावांना स्वतःचा असा एक वारा आहे, ‘हेल्म विंड’. खास नाव मिळालेला ब्रिटनमधला हा एकमेव वारा मानला जातो.

ईशान्येकडून येणारी थंड हवा डोंगर चढते. पण वर उबदार हवेचे झाकण असले, की तिला आणखी वर जाता येत नाही. मग धरणाच्या सांडव्यावरून पाणी कोसळावे, तशी ती उभ्या उतारावरून गावांवर येते. शिखरावर टोपीसारखा ढग बसतो. हेल्म म्हणजे शिरस्त्राण. वाऱ्याचे नाव त्यावरूनच पडले. काही किलोमीटर पुढे हवा पुन्हा उसळते आणि तिथे ढगाचा लांब पट्टा दिसतो. पायथ्याशी वारा घोंघावत असताना त्या पट्ट्याखाली मात्र बरीच शांतता असते. हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅनली यांनी १९३० च्या दशकात जवळच्या ग्रेट डन फेल शिखरावर निरीक्षणे करून हा प्रकार उलगडला.

अशा गावाचा अंदाज वर्तवणे सोपे नाही. ब्रिटिश हवामान खात्याचे संगणकीय प्रारूप देशाचे साधारण दीड किलोमीटरचे चौकोन पाडते. एका चौकोनातले चढउतार त्यात सपाट होतात. शिवाय अंदाजातला वेग हा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. म्हणून मोबाइलवरच्या आकड्याबरोबर शिखरावरची ढगाची टोपीही पाहावी लागते.

प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून लावतो आणि शरीराची उष्णता झपाट्याने जाते. हवा ५ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे उणे १ अंशाइतकी थंडी जाणवते. तापमापीचा पारा मात्र पाचवरच राहतो. कपडे ओले असतील, तर नुकसान आणखी वाढते.

थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळल्या जातात. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले, की ‘हायपोथर्मिया’ सुरू होतो. आधी कुडकुडणे, मग बोलणे जड होणे, तोल जाणे, गोंधळणे. अशा माणसाचे कुडकुडणे थांबले, तर तो बरा होतोय असे समजू नये. ते धोक्याचे लक्षण आहे. वृद्धांमध्ये तर कुडकुडणे मुळातच कमी असू शकते.

हेल्म वारा हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात अधिक वाहतो. मेंढ्या विण्याचे दिवसही तेच. मेंढपाळांना तासन् तास उघड्यावर राहावे लागते. ओलेत्या नवजात कोकरांचा जीवही याच कारणाने धोक्यात येतो.

गारठलेल्या माणसाला आधी वाऱ्याच्या आड न्यावे. ओले कपडे काढून कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळावे, डोकेही झाकावे. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य मुळीच देऊ नये. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलेली ऊबही निघून जाते. बोलण्यात गोंधळ असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. ब्रिटनमध्ये त्यासाठीचा क्रमांक ९९९ आहे.

मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आजी-आजोबांनी अंदाज पाहताना नुसते तापमान वाचून स्वेटर निवडू नये. वाऱ्याचा वेग, झोतांचा वेग आणि ‘जाणवणारे तापमान’ हे तीन आकडेही पाहावेत. ‘ईशान्य वारा’ म्हणजे ईशान्येकडून येणारा, हेही ध्यानात असावे. वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि हातमोजे असतील, तर फिरणे टाळण्याची सहसा गरज पडत नाही.