सोसायटीची तब्येत

मुंबईत सहकारी घरबांधणी रुजली ती गावदेवीत. रावबहादूर तळमकींच्या पुढाकाराने तिथे १९१५ मध्ये सारस्वत सोसायटी नोंदली गेली. पुढे दादर-माटुंग्यात १९५०-६०च्या दशकांत कारकून, शिक्षक, बँकवाले अशा पगारदारांनी तीच वाट धरली. तीन-चार मजले, मोझेकची फरशी, रस्त्यावर झुकलेल्या बाल्कन्या. खाली बाजार आणि बसथांबा, वर पुनर्विकासाची चर्चा. अशा इमारतीचे काय करायचे, हे ठरवण्याआधी ती नीट तपासली पाहिजे.

तपासणीची सुरुवात ओल्या जागांपासून करावी. गच्ची, पाण्याच्या टाकीखालची बाजू, न्हाणीघराखालचा स्लॅब, छज्जे, ड्रेनेजचे पाइप. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतली सळई सुरक्षित राहते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपला की हे कवच जाते. ओल आणि समुद्राकडची खारी हवा सळईला गंज चढवतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. म्हणून बीममध्ये सळईच्या रेषेत गेलेली चीर गंभीर समजावी. फॉल्स सीलिंगआड दडलेला स्लॅब उघडून पाहावा. हॉल मोठा करताना कोणी काय तोडले, तेही विचारावे.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काँक्रीटवर फिनॉलप्थॅलिन शिंपडतात. गुलाबी रंग आला तर तिथली अल्कधर्मिता शाबूत. रंग आला नाही तर ती गेलेली. ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले मानतात. निष्कर्ष सी-१ आला तर इमारत रिकामी करून पाडायची. सी-२ब आला तर रहिवासी आत असतानाच मोठी दुरुस्ती करता येते. आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांवरच्या इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवे.

कागदही तितकेच बोलतात. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का? मालमत्ता पत्रकावर कोणाचे नाव आहे? सिंकिंग फंडात किती शिल्लक आहे? या फंडाचा किमान दर बांधकामखर्चाच्या वर्षाला पाव टक्का, आणि हा खर्च मूळ बांधकामाचा. तो पाच लाख धरला तर वर्षाला जमतात अवघे साडेबाराशे रुपये. किमान वर्गणीवर भागवणाऱ्या जुन्या सोसायटीकडे मोठ्या दुरुस्तीला पैसा नसतो, त्याचे मूळ इथे आहे. सर्वसाधारण सभेने हा दर वाढवायला हवा.

१९६०च्या सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालील २०१९च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे निर्णय लवकर होतो, आणि घाईचा धोकाही वाढतो. वाढीव चटईक्षेत्राचे आकडे ऐकून इमारत मोडकळीस आल्याचे ठरवू नये. सी-२ब इमारत चांगल्या दुरुस्तीने पुढे अनेक वर्षे उभी राहू शकते. सी-१ इमारतीत जुन्या आठवणींसाठी एक पावसाळाही काढू नये. म्हणून सभासदांनी आधी स्वतःच्या खर्चाने, स्वतः नेमलेल्या अभियंत्याकडून ऑडिट करून घ्यावे, अहवाल प्रत्येक घरात वाचला जावा, आणि विकासकाला त्यानंतरच बोलवावे.