बाळंतपण घरी का होते?

पौर्णिमेची वंदना संपली की विहारात बायका थोडा वेळ बोलत बसतात. मधूनच कानावर येते, "अमकीची सून घरीच मोकळी झाली." लगेच कोणीतरी म्हणते, "अडाणीपणा, दुसरे काय!" आम्हांला हे पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. उरलेल्या भगिनी का जात नाहीत, हे त्यांनाच विचारले पाहिजे.

त्यांची कारणे साधी आहेत. कळा रात्री सुरू होतात, नवरा रात्रपाळीला असतो, रिक्षा गल्लीत येत नाही. घरातली लहान मुले कोणाकडे ठेवायची? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा भरभर वाढतात, निघेपर्यंत बाळ बाहेर येते. दवाखाना फुकट असला तरी वरखर्च होतो आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. कामासाठी नव्याने आलेल्या बाईचे नाव कुठेच नोंदलेले नसते. तिसऱ्या खेपेची बाई "पुन्हा आलीस का?" हे ऐकावे लागेल म्हणून बिचकते. वस्तीचे नाव, आडनाव ऐकून आवाज बदलतो, कळा देताना शिव्या मिळतात. असा अपमान एकीने सोसला की तिच्या मागच्या चौघी घरीच थांबतात. चूक त्यांच्या एकट्याची नाही.

पण घरी धोका आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नऊ महिने सगळे ठीक असलेल्या बाईलाही बाळ झाल्यावर अचानक जास्त रक्तस्राव होऊ शकतो. कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. तो थांबवण्याचे इंजेक्शन आणि रक्त घरात नसते. बाळ रडले नाही तर पहिली काही मिनिटेच हाती असतात. "आम्ही नाही का घरी बाळंत झालो?" असे सासूबाई म्हणतात. पण ज्या वाचल्या नाहीत, त्या आज बोलायला नाहीत.

दवाखान्यातील सोय ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कामकरी आईच्या विश्रांतीची बाजू घेतली होती. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, येण्या-जाण्याचे वाहन सर्व मोफत आहे. कितवे मूल, याची अट नाही. २०१६ पासून केंद्र सरकारने प्रसूतिकक्षात एक स्त्री सोबती ठेवण्यास मान्यता दिली आहे. सासू, आई किंवा बहीण जवळ असली की शिवी देणाऱ्याची जीभ आवरते. कोणी पैसे मागितले किंवा अपमान केला तर तारीख-वेळ लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. लिहिता येत नसेल तर महिला मंडळ लिहून देईल.

सातव्या महिन्यातच पुढील तयारी करा :

• आशाताईंकडे नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बाळाचे कपडे एका पिशवीत ठेवा.
• १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असू द्या. गाडी कोपऱ्यापर्यंतच येत असेल तर तिथवर कोण नेणार, हे ठरवा.
• मुले कोणाकडे राहतील, सोबत कोण जाईल, हे शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.
• पाणी गेले, रक्त गेले, झटके आले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट न पाहता निघा.

तरीही बाळ घरीच झाले तर त्याला कोरडे पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा, वरून पांघरूण घाला. घरचे ब्लेड नाळेला लावू नका. १०८ ला फोन करा. २१ दिवसांच्या आत जन्मनोंद करा.

प्रत्येक विहारातून दोन भगिनी रात्री सोबत जायला तयार झाल्या, तर यातल्या निम्म्या अडचणी वस्तीतच सुटतील. येत्या पौर्णिमेला ही दोन नावे ठरवू या.

जय भीम!