डोळ्याची काच

मुलांनो, घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसा डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर! त्यात एकही रक्तवाहिनी नसते. हवेतील प्राणवायू त्यास अश्रूंच्या द्वारे मिळतो. जखमेने वा रोगाने हा पडदा पांढरा पडला, की आतील डोळा धडधाकट असूनही दिसेनासे होते. यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात.

ही काच बदलता येईल काय? प्राण्यांची पारपटले माणसांना लावून पाहण्यात आली. ती गढूळ होत. अखेर ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांना यश लाभले. त्यांच्याकडे चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. त्याच सुमारास तुमच्याच वयाच्या, ११ वर्षांच्या एका मुलाचा लोखंडाच्या कणांनी जखमी झालेला डोळा काढावा लागला. त्याचे पारपटल मात्र निर्दोष होते! झिर्म यांनी त्याचे तुकडे मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसविले. एका डोळ्यातील तुकडा टिकला नाही. दुसऱ्यातील स्वच्छ राहिला आणि तो मजूर पुन्हा कामावर जाऊ लागला.

पण जिवंत माणसाचा असा डोळा नित्य कोठून मिळावा? पुढे ओदेसाच्या डॉ. फिलातोव यांनी मृत व्यक्तींची पारपटले थंडीत जपून वापरली. आज आपल्याकडेही मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्र काढून घेतात.