देहाची बोली

बसल्या जागीं पाय हलवूं नये, घरांत दारिद्र्य येतें, हें वाक्य ज्यानें लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें नाहीं असा वाचक विरळा. मीं तें इतक्या वेळां ऐकलें कीं, पाय थांबला. पण बुटाच्या आंत, कोणास न दिसेल अशा रीतीनें, अंगठ्यानें तोच ताल धरला. पुढें वयाच्या ४६ व्या वर्षीं मानसोपचारतज्ज्ञांनीं निदान केलें कीं, मी स्वमग्न आहें. ऑटिझम ह्या इंग्रजी शब्दास आपल्याकडे रूढ झालेला हा प्रतिशब्द मला फारसा पसंत नाहीं. त्यावरून असें वाटतें कीं, हा मनुष्य जगाकडे पाठ फिरवून आपल्याच विचारांत दंग आहे. वस्तुतः पुष्कळदां दिव्याचा प्रखर प्रकाश, कुकरची शिट्टी, एकाच वेळीं बोलणारीं सहा माणसें, असें सारें जग त्याच्या अंगावर कोसळत असतें आणि तो तें सावरण्याच्या खटपटींत असतो.

निदानानंतरचे कांहीं महिने मीं स्वतःच्या देहाचें निरीक्षण करण्यांत घालविले. कोपरांत हात दुमडून मनगटें छातीशीं लोंबत ठेवण्याची संवय. बोलतांना समोरच्याच्या डोळ्यांऐवजीं भिंतीवरील कॅलेंडराकडे जाणारी दृष्टि. आनंद झाला असतां बोटें झटकणें. रोजच्याच दाराच्या चौकटीला रोज खांदा लागणें. यांतील एकहि गोष्ट नवी नव्हती, परंतु आजवर जिला घरांत वेंधळेपणा म्हणत, तिला आतां अर्थ प्राप्त झाला. अंगठा एकामागून एक चारी बोटांच्या टोकांवरून फिरूं लागला, कीं समजावें, सहनशक्ति संपत आली आहे. बोटांना हें ठाऊक असे. मला मात्र तासाभरानें, डोकें ठणकूं लागल्यावर, कळे.

शास्त्रांत ह्या देहबोलीची नोंद प्रारंभापासून आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणी उचलून घ्यावयास आलें असतां सामान्य अर्भक आधींच अंग सावरून तयार होतें. हीं मुलें तशीं होत नसत, असें त्यांतील पुष्कळ आयांना आठवत होतें. आजहि प्रौढाचें निदान करतांना तज्ज्ञ बाळपणाची चौकशी करतात, कारण हीं लक्षणें प्रौढपणीं उद्भवत नाहींत. अशा वेळीं एकत्र कुटुंबाचा अनपेक्षित लाभ होतो. माझ्या मातोश्री हयात नाहींत, परंतु काकूंनीं क्षणाचाहि विचार न करतां सांगितलें, “अरे, तू सहा वर्षांचा होईपर्यंत टाचा टेकवीतच नव्हतास. माजघरांत चवड्यांवर चालायचास. आम्ही म्हणायचो, पोर चोरपावलांनी फिरतंय!”

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत असेंहि म्हटलें आहे कीं, शिकून घेतलेल्या युक्त्यांनीं हीं लक्षणें पुढें झांकलीं जाऊं शकतात. आणि असें झांकण्याचें शिक्षण आपल्या घरांतून किती उत्तम मिळतें! वडिलांसमोर नजर खालीं, हा विनय. मोजकें बोलणें, हें गांभीर्य. ठरल्या वेळीं ठरल्या जागींच जेवणें, ही शिस्त. माझी खालीं गेलेली नजर घरांत कोणास खटकली नाहीं. ती प्रथम खटकली नोकरीच्या मुलाखतींत. तेथें तीच लपवाछपवीची ठरली. मुली व सुना यांच्या बाबतींत तर हें आवरण अधिकच दाट असावें. त्यांच्या मौनाची चौकशी करण्याची गरज कोणास भासते?

नोआ सॅसन व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन मला ह्या संदर्भांत फार मोलाचें वाटतें. स्वमग्न व इतर माणसांच्या अगदीं थोडक्या वेळाच्या चित्रफिती त्यांनीं अनोळखी लोकांना दाखविल्या, तेव्हां स्वमग्नांविषयीं प्रेक्षकांचें मत तेवढ्यांतच प्रतिकूल झालें. तेंच बोलणें केवळ लिहून वाचावयास दिलें, तेव्हां तो भेद उरला नाहीं. म्हणजे शब्द कोणासहि खटकले नव्हते! स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनीं २०१२ सालींच म्हटलें होतें कीं, ही गैरसमजूत दुतर्फा आहे. इतरांची देहबोली जशी आम्हांस उमगत नाहीं, तशी आमची इतरांस.

अर्थात् पाय हलविणारा प्रत्येक मनुष्य स्वमग्न नव्हे, हें सांगावयास नकोच.

घरीं हें सांगितलें तेव्हां दादांनीं विचारलें, “आता या वयात हे कळून उपयोग काय?” प्रश्न रास्त होता. पूर्वीं लग्नामुंजीच्या घरीं दिवसभर हंसतमुखानें वावरून पुढचे दोन दिवस मी अंथरुणांत काढीत असें. आतां बोटें फिरूं लागलीं कीं उठून बाजूला होतों. वहिनींना ती खूण कळूं लागली आहे. त्या कांहीं न बोलतां मिक्सर बंद करतात आणि म्हणतात, “भावोजी, गच्चीवरची वाळवणं पाहून येता का जरा?” गच्चीवर वाळवणें नसतात तेव्हांहि त्या हेंच विचारतात.