वयाची रेषा आणि गुणांची पारख : कुमार फुटबॉलपटूंच्या निवडीचा एक विचार

१

खानदेशातून गुजरातच्या दिशेने प्रवास करणाऱ्यास बोली गावागणिक थोडथोडी बदलत गेल्याचा अनुभव येतो. नकाशाकाराला मात्र कोठे तरी एक रेघ ओढावीच लागते; आणि ती एकदा ओढली, की तिच्या अलीकडची व पलीकडची गावे प्रत्यक्षात असतात त्याहून परस्परांपासून अधिक दूर भासू लागतात. अखंड वस्तूवर ओढलेली रेघ ही केवळ सोय असते, परंतु व्यवहारात तिला वस्तुस्थितीचे वजन प्राप्त होते. भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेला हा प्रकार अन्य क्षेत्रांतही घडतो. त्याचे एक चांगले अभ्यासलेले आणि मुलांच्या भवितव्याशी निगडित असलेले उदाहरण म्हणून कुमार फुटबॉलपटूंच्या निवडीचा विचार येथे करावयाचा आहे.

मुलांच्या स्पर्धा वयोगटांनुसार भरविल्या जातात, आणि लहानांना मोठ्यांशी झुंजावे लागू नये हा त्यामागील हेतू न्याय्यच आहे. त्यासाठी वर्षाची एक आरंभतिथी ठरवावी लागते. जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, कुमार स्पर्धांत ती १ जानेवारी आहे. इंग्लंडमध्ये शालेय वर्षाला अनुसरून ती १ सप्टेंबर आहे. आता जानेवारीच्या आरंभी जन्मलेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर जन्मलेला असे दोन मुलगे घ्या. नियमाच्या दृष्टीने ते समवयस्क होत. परंतु दहा वर्षांच्या वयात एक वर्षाचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा! उंची, वेग, बळ, खेळाची समज आणि मैदानावरील सरावाचा काळ या सर्वांत पहिला मुलगा पुढे असण्याचा संभव उघड आहे. निवड करणारा त्या दोघांना शेजारी उभे करून पाहतो, आणि वयातील अंतराला गुणांतील अंतर समजतो.

२

या घटनेला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ असे म्हणतात. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंसंबंधी बार्न्सली व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो प्रथम ठळकपणे मांडला गेला. तेथे वर्षगणना जानेवारीपासून होत असे, आणि वरच्या पातळीवरील खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले. १९९४ मध्ये आड ड्युडिंक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात नेदरलँड्समधील टेनिसपटूंच्या व इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या बाबतीत असाच कल दाखवून दिला.

यावर एक साहजिक आक्षेप येतो. विशिष्ट ऋतूत जन्मलेली मुलेच मुळात अधिक सुदृढ असतील, आणि हवामानाचा वा आहाराचा तो परिणाम असेल, असे का म्हणू नये? या आक्षेपाचे निरसन बेल्जियममध्ये जणू एका अनायासे घडलेल्या प्रयोगाने केले. तेथे कुमार फुटबॉलची आरंभतिथी १ ऑगस्ट होती. १९९७ मध्ये ती १ जानेवारी करण्यात आली. वेर्नर हेल्सेन व त्यांचे सहकारी यांनी या बदलाच्या आधीच्या व नंतरच्या हंगामांतील दहा ते अठरा वर्षे वयाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा ताडून पाहिल्या. आधी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जन्मलेल्यांना ‘गुणी’ ठरविण्याकडे कल होता. नंतर तोच कल जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांकडे वळला. मुले तीच, हवामान तेच, प्रशिक्षणही तेच. केवळ कागदावरील रेघ सरकली आणि तिच्याबरोबर ‘गुण’ही सरकले. आरंभतिथी बदलल्याने असाच फेर ऑस्ट्रेलियातही पडल्याचे मुश व हे यांनी १९९९ मध्ये नोंदविले आहे.

३

ही चूक एकदा घडून थांबत नाही, यात तिचे खरे गांभीर्य आहे. निवडलेल्या मुलाला अधिक चांगले मैदान, अधिक जाणता प्रशिक्षक, अधिक सामने आणि तुल्यबळ सोबती लाभतात. दोनतीन वर्षांनी तो खरोखरच सरस खेळू लागतो, आणि मूळ निवड योग्यच होती असा निर्वाळा देण्यास सर्वजण मोकळे होतात. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळत जाते, या प्रवृत्तीचे विवेचन रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वैज्ञानिकांच्या कीर्तीच्या संदर्भात केले होते. त्याच वर्षी रोझेन्थाल व जेकबसन यांनी शिक्षकांच्या अपेक्षांचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर परिणाम होतो असे प्रतिपादन केले; त्या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी पुढे पुष्कळ वाद झाला, तरी प्रश्न महत्त्वाचा ठरला. नाकारलेल्या मुलाची बाजू मात्र कोणत्याच नोंदवहीत राहत नाही. तो खेळ सोडतो, आणि त्याच्यात काय होते हे पडताळून पाहण्याचे साधनच नाहीसे होते. जी निवड स्वतःच्या चुकीचा पुरावा नष्ट करते, तिची परीक्षा तिच्या यशस्वी उदाहरणांवरून करता येत नाही.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सापेक्ष वय हे जन्मतारखेवरून ठरते; शारीरिक परिपक्वता ही देहाच्या वाढीवरून ठरते. मुलग्यांत उंचीच्या वाढीचा वेग सर्वसाधारणपणे चौदाव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठतो, परंतु व्यक्तीव्यक्तींत याबाबत मोठे अंतर असते. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या देहांत दोन वर्षांहून अधिक तफावत असू शकते. म्हणून जन्मतारीख ध्यानात घेतल्याने परिपक्वतेचा प्रश्न सुटत नाही, आणि परिपक्वता मोजल्याने जन्मतारखेचा सुटत नाही. दोहोंवर उपाय वेगवेगळे योजावे लागतात.

४

उपायांपैकी सर्वांत सोपा म्हणजे आरंभतिथी बदलणे. पण त्याने अन्याय दूर न होता केवळ एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, हे बेल्जियमच्या उदाहरणावरून स्पष्टच आहे.

दुसरा उपाय निवडकर्त्यांना जन्मतारखांची माहिती देणे हा होय. या संदर्भात मान व व्हान खिनेकेन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग चिन्हांच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. अकरा वर्षांखालील मुलांचे सामने पाहून त्यांच्या भावी क्षमतेचा क्रम लावण्याचे काम अनुभवी निवडकर्त्यांच्या तीन गटांना दिले गेले. पहिल्या गटाला वयाची काहीच माहिती नव्हती. दुसऱ्याला जन्मतारखांची यादी दिली होती. तिसऱ्याला एवढेच सांगितले होते, की मुलांच्या सदऱ्यांवरील क्रमांक त्यांच्या वयाच्या क्रमाने घातले आहेत. पहिल्या गटाचा कल वयाने मोठ्यांकडे झुकला, यात नवल नाही. परंतु हाती यादी असूनही दुसऱ्या गटाचा कल तसाच राहिला. तिसऱ्या गटात मात्र तो नाहीसा झाला. अर्थ असा, की केवळ ज्ञान असणे पुरेसे नसते. निर्णयाच्या क्षणी, ज्या वस्तूविषयी निर्णय करावयाचा त्या वस्तूवरच, ते ज्ञान चिन्हरूपाने डोळ्यांसमोर असावे लागते. शिवाय या उपायाला काही खर्चही नाही.

तिसरा उपाय परिपक्वतेनुसार गट पाडण्याचा. मुलाची उंची व वजन आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी यांवरून त्याच्या प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज करण्याची खॅमिस व रोश यांची रीत १९९४ पासून उपलब्ध आहे. अंदाजित उंचीचा किती टक्के भाग मुलाने गाठला आहे हे पाहून गट पाडतात. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या प्रशिक्षण-केंद्रांतील ११ ते १४ वर्षांच्या मुलांचे अशा रीतीने सामने खेळविण्यात आले. त्यांत ८५ ते ९० टक्के उंची गाठलेले एकत्र खेळले. लवकर वाढलेल्यांना आता केवळ अंगबळावर निभावता येईना आणि कौशल्याचा आश्रय घ्यावा लागला. उशिरा वाढणाऱ्यांना आपले कौशल्य व नेतृत्व दाखविण्यास अवसर मिळाला. म्हणजे हा उपाय दोघांच्याही हिताचा ठरतो. तथापि वयोगटांच्या जागी तो कायमचा आणावा असे कोणी म्हणत नाही. वयोगटांच्या जोडीला अधूनमधून योजावा एवढेच.

चौथा उपाय निर्णय लांबणीवर टाकण्याचा. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी निराळे कुमार संघ ठेवले, त्यामागे हेच धोरण आहे. जर्मनीचे उदाहरण अधिक विस्तृत आहे. २००० सालच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत जर्मनीला गटातील तीन सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. त्यानंतर तेथे व्यावसायिक संघांना प्रशिक्षण-केंद्रे सक्तीची झाली आणि देशभर शेकडो प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. या व्यवस्थेची पाहणी करताना आर्ने ग्युलिच यांना असे आढळले, की संघांच्या प्रशिक्षण-केंद्रांतील सुमारे एकचतुर्थांश आणि राष्ट्रीय कुमार संघांतील सुमारे दोनपंचमांश खेळाडू दर वर्षी बदलतात. लहानपणीची निवड पुढच्या यशाची हमी देत नाही, हाच त्याचा अर्थ. होर्निग, औस्ट व ग्युलिच यांच्या २०१६ मधील अभ्यासात पुढे राष्ट्रीय संघात पोहोचलेल्या खेळाडूंनी बालपणी प्रशिक्षकाविना मोकळा खेळ अधिक खेळला होता आणि केवळ फुटबॉलवर लक्ष केंद्रित करण्यास उशिरा आरंभ केला होता, असे दिसून आले.

५

निवडीच्या भाषेत ‘प्रतिभा’ हा शब्द वारंवार येतो. प्रतिभा अमुकापाशी असते, अमुकापाशी नसते, आणि जाणत्याला ती एका दृष्टिक्षेपात ओळखू येते, असा त्या प्रयोगाचा रोख असतो. आपल्या काव्यशास्त्राने या बाबतीत अधिक सावध भूमिका घेतली होती. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा निर्देश केला, आणि हे तीन निरनिराळे हेतू नसून तिहींचा समुदाय मिळून एकच हेतू होतो असे बजावले. खेळाला हे विवेचन जसेच्या तसे लावता येणार नाही हे खरे. तरीही त्यातून एक शिस्त शिकता येते : परिपाकाकडे पाहून त्यातला केवळ उपजत अंश वेगळा काढल्याचा दावा कोणी करू नये, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, जेथे परिपाकच व्हावयाचा आहे, तेथे तर मुळीच करू नये.

६

महाराष्ट्रापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मागील पिढ्यांतील असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे; शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली म्हणून. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे, आणि नोंदणी जसजशी रुजली तसतसा हा प्रघात मागे पडला. परंतु वयाच्या कागदाविषयीचा अविश्वास खेळाच्या क्षेत्रातून गेलेला नाही. म्हणूनच भारतातील कुमार स्पर्धांत मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वय पडताळण्याची रीत आली. तीही परिपक्वताच मोजते, जन्मदिन नव्हे. त्यामुळे निसर्गतः लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा अपात्र ठरण्याचा धोका तीत राहतोच.

यातून आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक संशोधनविषय सहज पुढे येतो. मुंबई, कोल्हापूर व गोवा येथे फुटबॉलची परंपरा जुनी आहे. तेथील कुमार संघांच्या जन्मतारखा महिन्यांनुसार मांडून पाहणे, आणि तत्पूर्वी त्या तारखांची विश्वसनीयता तपासणे, हे काम संख्याशास्त्र, शारीरिक शिक्षण व समाजशास्त्र या विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. निवडकर्ते खेळाडूचे वर्णन कोणत्या शब्दांत करतात, ‘दणकट’, ‘चपळ’, ‘समजदार’ ही विशेषणे कोणत्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या वाट्याला येतात, हे पाहण्याचे काम भाषाशास्त्राचे.

रेघ ओढल्यावाचून स्पर्धा भरविता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती आपण ओढली आहे, निसर्गाने नव्हे, याचे भान निवडीच्या प्रत्येक क्षणी राहील अशी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. ती न केल्यास डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला आपण गुणहीन ठरवितो. आणि त्याला स्वतःलाही ते खरे वाटू लागते, ही त्यातील सर्वांत मोठी हानी होय.