पऱ्हाटी, लिंकन आणि जोतीरावांची अर्पणपत्रिका

चंद्रपूरकडच्या गडचांदूर-कोरपन्याच्या काळ्या रानात कापसाची पऱ्हाटी फुटली की बायका सीतादहीची पूजा करतात आणि वेचणीला लागतात. हाच कापूस वेचायला अमेरिकेच्या दक्षिणेत माणसं विकत घेतली जात. १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलाम मोजले गेले सुमारे ३९ लाख ५० हजार. पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल १८६१ ला, तिथं यादवी पेटली. ती गुलामगिरीपायी झाली की आणखी कशापायी, यावर लोक अजून भांडतात. भांडावंच, पण कोण कधी काय बोललं, हे तारखेसकट समोर ठेवून.

सुरुवातीचं भाषण आणि नंतरचं पुस्तक
संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात बोलला. आपल्या नव्या राज्याची कोनशिला म्हणजे काळ्या माणसाची गुलामी, असं त्यानं भर सभेत सांगितलं. लढाईला तेव्हा तीन आठवडेच उरले होते. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वतः शंभरावर गुलामांचा मालक. हरल्यानंतर, १८८१ मध्ये, त्यानं जाडजूड ग्रंथ लिहून गुलामगिरी हे युद्धाचं खरं कारण नव्हतं असं मांडलं. मी भाषणावर विश्वास ठेवते. जिंकायची आशा असताना माणूस जे उघड बोलतो, ते त्याचं खरं.

लिंकनचं एक पत्र, दोन अर्थ
वादात हमखास निघतं ते अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याचं २२ ऑगस्ट १८६२ चं पत्र. संपादक होरेस ग्रीली यांना त्यानं कळवलं की आपलं पहिलं काम संघराज्य वाचवणं. त्यासाठी सगळे गुलाम सोडावे लागले तर सोडू, एकही न सोडता भागलं तर तसंही करू. एवढंच वाचणारे म्हणतात, बघा, त्याला गुलामांचं काही नव्हतं. पण त्याच्या आदल्या महिन्यात, २२ जुलैला, मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानं मंत्रिमंडळापुढे वाचला होता. कागद तयार होता, तो विजयाची वाट पाहत होता. सप्टेंबरात अँटिटमची लढाई झाली, पाच दिवसांत बंडखोर राज्यांना इशारा निघाला आणि १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा लागू झाला.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. जाहीरनामा फक्त बंडखोर भागाला लागू होता. संघराज्यासोबत राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी या राज्यांतले गुलाम गुलामच राहिले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ च्या एप्रिलात गुलाम सोडवले, तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, माणशी ३०० डॉलरपर्यंत. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना परदेशी वसवायचा विचारही लिंकनच्या डोक्यात बराच काळ होता. तो बदलत गेला, आणि त्याला बदलायला लावणाऱ्यांत फ्रेडरिक डग्लस होता. हा स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस. संघराज्याच्या फौजेत पुढं सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले.

ली आणि ग्रँट
दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यानं १८५६ मध्ये बायकोला लिहिलं की गुलामगिरी वाईट आहे. त्याच पत्रात त्यानं हेही लिहिलं की तिचा जास्त त्रास गोऱ्यांनाच होतो. सासऱ्याच्या मृत्युपत्राप्रमाणे गुलाम पाच वर्षांत सोडायचे होते. लीनं मुदत पूर्ण वापरली आणि ती उलटल्यावर, १८६२ च्या डिसेंबर अखेरीस, मुक्तिपत्रावर सही केली. उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट १८५९ मध्ये कंगाल होता. त्याच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. विकला असता तर चांगला पैसा आला असता. ग्रँटनं त्याला मोकळं केलं. हाच ग्रँट पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरला.

आपला कापूस
युद्धानं अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मागणी वळली हिंदुस्थानकडे. वऱ्हाडचा, हिंगणघाटचा कापूस मुंबईमार्गे निघाला, भाव कडाडले, मुंबईत शेअरांचं वेड पसरलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं तशी ती तेजी कोसळली. मला मोठे वाटतात ते मँचेस्टरचे कामगार. गिरण्या बंद पडून उपासमार होत असताना १८६२ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं.

पुण्याचा निकाल
या वादात मराठीनं आपलं मत फार लवकर नोंदवलं. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ निघाली. अर्पण केली होती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. जोतीरावांनी त्या लढाईचा अर्थ ओळखला आणि तिच्या उजेडात इथल्या शूद्रातिशूद्रांची गुलामी दाखवली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांचा सत्यशोधक समाज उभा राहिला.

वर्धा नदीचे दोन काठ
आता आपल्या मुलखातल्या कायद्याकडे. भारतीय दंड संहिता अमलात आली १ जानेवारी १८६२ ला, लिंकनच्या जाहीरनाम्याच्या बरोबर एक वर्ष आधी. गुलाम विकणं-घेणं तिनं गुन्हा ठरवलं. पण तो कायदा वर्धा नदीच्या पलीकडं, चांद्याच्या म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या बाजूला. अलीकडचा राजुरा-गडचांदूरचा मुलूख निजामाचा, पुढं आदिलाबाद जिल्ह्यातला; चंद्रपूरला तो जोडला गेला १९५९ मध्ये. निजामी राज्यात वेठ चालू होती. वेठीला संविधानाच्या कलम २३ नं मनाई केली, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्ज रद्दबातल ठरवून राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

तेव्हा उचल फिटेपर्यंत कुणा सालगड्याला शेतावर किंवा मजुराला वीटभट्टीवर अडकवून ठेवलेलं दिसलं, तर गप्प बसू नका. तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.